तारोवाहून आलेलं पत्र

ते पत्र गेल्या गणपतीत आलं, आणि त्याला उत्तर द्यायला सहा महिने लागले. उशीर माझा आहे, म्हणून हकीकतही मीच लिहायला हवी. नीट लिहिता येईल की नाही, शंका आहे. झरीच्या वाचनालयात पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांनी लिहिलेलंच देत-घेत आलो.

पत्र तारोवा देशातलं. तिथली लढाई संपून चार वर्षं झाली. तारोवा हरला, जिंकणाऱ्यांची फौज तिथंच राहिली, आणि पाडलेली शहरं पुन्हा उभारायला बाहेरून माणसं नेली गेली. आपल्याकडचे गवंडी, वेल्डर, वायरमन गेले. मन्मथअप्पा किराणावाल्यांचा पंकज त्यातलाच. तीन वर्षं वायरमनकी करून तो ज्येष्ठात परतला.

इंग्रजी पत्र म्हणून अप्पा ते माझ्याकडं घेऊन आले. लिहिणारीचं नाव मारेका. पहिला नवरा लढाईत गेलेला. तिनं लिहिलं होतं, की पंकजनं तिच्याशी लग्न केलं, त्यांना मुलगी आहे, आणि महिन्याभरात येतो म्हणून तो गेला. नव्या वस्तीतलं घर फौजेचं कार्यालय पुरुषाच्या नावाशिवाय राहू देत नाही. मार्चअखेरपर्यंत नवऱ्याच्या घरच्यांनी ‘मुलगी आमची आहे’ असं लिहून दिलं नाही, तर मायलेकींना परत तंबूत जावं लागेल. शेवटी लिहिलं होतं, ‘मला पैसे नकोत. एक कागद पाठवा.’

सोबत फोटो होता. वर्षाची मुलगी, गळ्यात दोऱ्याला काहीतरी बांधलेलं. मला तो ताईत वाटला.

अप्पांनी पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली. मग म्हणाले, “दिनकरराव, हे तुमच्यापशीच ठिवा. घरात बोलू नका.”

मी ठेवलं. जाड शब्दकोशात, कुणी उघडत नाही अशा पानांत.

या प्रकाराला तिकडं गेलेली पोरं ‘परवान्याचं लग्न’ म्हणतात. छावणीबाहेर राहायचा परवाना तिथली बायको असेल तरच मिळतो. करार संपला की पोरगा गावी येतो, इथं बँड लावून त्याचं लग्न होतं, आणि तिकडच्या बाईचं नाव कुणी काढत नाही. पारावर याच्यावर विनोद व्हायचे. मीही हसलेलो आहे.

महाशिवरात्रीनंतरच्या सोमवारी अप्पांनी मला बोलावलं. चारठाण्याच्या त्रिवेणीशी पंकजचं जमलं होतं. लग्नपत्रिकेचा मजकूर तपासायचा होता. पंकज मोबाईलवर मांडवाची चित्रं बघत होता. ‘ज्येष्ठ चिरंजीव’ इथपर्यंत मी वाचलं, तोच पंकजची आई गंगम्मा चहा घेऊन आल्या. बशीत चिवडा होता. त्या मात्र बाजूला बसल्या.

तुम्ही घेत नाही का, असं मी विचारलं.

“आज सोमवार न्हाई का, भाऊ. एकदाच खाते मी. दीड वर्ष झालं.” त्यांनी पंकजकडं पाहिलं. “ह्यानं तिकडं लिंग हरवलं. धाकलंच पाठव म्हणला, कामात जड पडतंय. जंगमाकडून पूजा करून पोस्टानं पाठवलं. लिंग हरवणं लय वाईट असतंय, भाऊ. त्याच्यावर काई येऊ नाई म्हणून धरलेत सोमवार.”

त्यांच्यात, लिंगायतांत, लिंग मरेपर्यंत गळ्यातून उतरत नाही. आणि मूल जन्मलं की त्याच्याही गळ्यात बांधतात, लहानसं, चांदीच्या डबीत. शेजारी असल्यामुळं मला हे माहीत होतं. तरी फोटोत मी ताईत पाहिला होता.

मी पत्रिका खाली ठेवली, घरी गेलो आणि शब्दकोश उघडला. इतक्या घाईनं मी कधी चाललो नसेन.

परत येऊन मी दिलेला फोटो गंगम्मांनी उजेडाकडं धरला. मी पत्र मराठीत वाचत गेलो. दोन ओळी परत वाचाव्या लागल्या. अप्पांनी मला थांबवलं नाही.

“ते लग्न न्हाई, आई,” पंकज म्हणाला. “सगळेच करायलेत तिकडं. निस्ता कागद हाय तो.”

“कागदाच्या गळ्यात लिंग बांधलास का रं?”

पंकजचा हात आपोआप स्वतःच्या गळ्याशी गेला. तिथं त्याची स्वतःची डबी होती, जन्मापासूनची, कधी न हरवलेली.

अप्पा पुटपुटले, की हरलेल्या मुलखातली बाई, तिला कोण विचारतंय. इथं चार लोकांत तोंड दाखवायचंय.

“तुमची माय रझाकारीत सा महिने लोकाच्या गोठ्यात राहिली,” गंगम्मा म्हणाल्या. “आसरा देणाऱ्यानं कागद मागितला होता का तिला? लिंग बांधलं मंजी लेकरू आपलं. चारठाण्याला मी सवता जाते. त्या पोरीला फसवायचं न्हाई.”

पंकज उठून आत गेला. दार लागलं. गंगम्मांनी चिवड्याची बशी पुढं ओढली आणि सोमवार मोडून खायला लागल्या. खाताना त्या रडत होत्या.

उत्तर त्यांनी सांगितलं, मी लिहिलं: ‘मुलगी आमची आहे. तिच्या गळ्यातलं लिंग मी पाठवलेलं आहे. तिला घरातून काढू नये.’ खाली त्यांचा अंगठा. पण कार्यालयाला पुरुषाचं नाव हवं होतं, आणि पंकजचं दार दोन दिवस उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी अप्पांनी मला दुकानात बोलावलं. माझ्याकडं न बघता सही केली, गल्ल्यातून दुकानाचा शिक्का काढला आणि अंगठ्याशेजारी दाबून उमटवला.

“चालल का हा?”

मला माहीत नव्हतं. चालेल, म्हणालो.

चारठाण्याला त्रिवेणीच्या घरचे गंगम्मांना बरंच बोलले. त्रिवेणी त्यांना फाट्यापर्यंत सोडायला आली, असं त्या म्हणाल्या.

उत्तराच्या खाली मी एक ओळ स्वतःची घातली, की तिचं पत्र सहा महिने माझ्याजवळ पडून होतं, दोष घरच्या बाईचा नाही. परभणीच्या मोठ्या पोस्टात कारकुनानं देशाचं नाव यादीत दोनदा शोधलं आणि पोचायला तीन-चार आठवडे लागतील म्हणाला. भिंतीवरचं कॅलेंडर समोरच होतं. त्या दिवशी मार्चची एक तारीख होती. मी पाकीट खिडकीतून आत सरकवलं.