माफीनाम्याचे खिळे

मित्रांनो, मी एक जुनी ट्रेडल मशीन आहे. पायाने चालवली की छापते. कारध्याला, वैनगंगेच्या पुलाजवळच्या एका खोलीत मी राहते. मला कुठे घडवलं ते आता आठवत नाही. बरीच वर्षं मी लग्नपत्रिकाच छापल्या. भंडाऱ्यातून गोंदिया वेगळा जिल्हा झाल्यावर भावनाताईंनी मला विकत घेतलं आणि साप्ताहिक सुरू केलं. सगळीकडे कॉम्प्युटर आले, तरी आमच्याकडे चिंधूकाका शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे ठसे, एकेक करून जुळवत. खेड्यांतले लोक मला 'आपली मशीन' म्हणत. मला फार बरं वाटे.

एकदा गोदावरीबाई आल्या. गोसीखुर्द धरणामुळे त्यांचं गाव उठून नव्या वसाहतीत आलं होतं. "टाकीचं पाणी पिऊन पोरं बिमार पडून राहिले," त्या म्हणाल्या. ती बातमी मीच छापली.

आठ दिवसांत टाकीच्या ठेकेदाराची नोटीस आली. गोदावरीबाई खोटं बोलल्या असं छापून माफी मागा, नाहीतर कोर्टात खेचू.

भावनाताईंना घास जाईना. चिंधूकाका म्हणाले, "ताई, साप्ताहिकवाल्यांच्या संघात नाव टाका, म्हणून कवापासून सांगून राहिलो."

"आपला एवढासा पेपर, काका. त्याइले कायले आपली पडली?"

तरी त्यांनी भंडाऱ्याला जाऊन सभासदाचा अर्ज भरला. उत्तर काही आलं नाही. छपाईचा दिवस उजाडला. काकांनी माफीनामा जुळवला आणि माझ्यावर चढवला. मित्रांनो, नाही म्हणायला मला तोंड नाही. गोदावरीबाईंचं नाव, आणि त्यापुढे 'खोटं'. एक पाय पडला असता की झालं असतं.

तेवढ्यात गोदावरीबाई स्वतःच दारात उभ्या राहिल्या. कुणीतरी त्यांना सांगितलं होतं.

"भावना, मी लबाड हाव का? असन तं छाप. मंग पोरांले कोणतं पाणी देऊ, थेही छाप."

भावनाताईंचे डोळे भरले. "नाही छापत, मावशी. होऊ दे काय व्हायचं ते."

काकांनी खिळे सोडवले. अंक निघालाच नाही. दुसऱ्या दिवशी संघाचे धनंजय वकील आले. "आता तुम्ही सभासद आहात. नोटिशीचं उत्तर मी देतो. पाणी तपासलं का?" तपासलं नव्हतं. गोदावरीबाईंना घेऊन ते स्वतः नमुना प्रयोगशाळेत देऊन आले. पाणी दूषित निघालं. त्या आठवड्यात ती बातमी आम्ही छापली, आणि आमच्यासोबत संघातल्या अकरा साप्ताहिकांनीही. बारा जणांना नोटीस कोण पाठवणार? वसाहतीत टँकर सुरू झाला. माफी पुन्हा कोणी मागितली नाही.

पण नोटीस कोणी मागेही घेतली नाही. अजून टपालवाला दारात थांबला की भावनाताई आधी पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव बघतात.

मित्रांनो, मला तेल द्या, माझे शाईचे रूळ पुसा, हे तर सांगतेच. पण आपल्या गावच्या छोट्या पेपरमागे कोण उभं आहे, हेही एकदा विचारा. एकट्या पडलेल्या मशीनकडून काहीही छापून घेता येतं.