सरावलेले डोळे

आमचे हे दातांचे डॉक्टर. पण गेल्या वर्षी रात्री विमान उडवायचं लायसन्स हाती पडलं आणि घरात 'कॅप्टन' अवतरले. तेव्हापासून आम्ही बाकीचे म्हणजे जमिनीवर वळवळणारी सामान्य माणसं.

लेकीच्या वाढदिवसाला तिला आकाशातून शहराचे दिवे दाखवायचे ठरले. विमान शिकवणाऱ्या सरांनी सांगून ठेवलं होतं, की रात्री उडण्याआधी अर्धा तास डोळे अंधाराला सरावू द्यायचे. मध्येच लख्ख उजेड पाहिला, की पुन्हा पहिल्यापासून. झालं! दिवेलागणीला कॅप्टननी घरातले सगळे दिवे मालवले. सासूबाईंनी चाचपडत चहात मीठ घातलं आणि आम्ही तो मुकाट्याने प्यायलो. फ्रिज उघडायलाही बंदी, कारण आत दिवा लागतो.

गाडी मी चालवली. कॅप्टन मागे, डोक्यावरून टॉवेल पांघरून. सिग्नलला शेजारच्या गाडीतली बाई आधी त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे संशयाने बघत होती. खरं सांगते, एवढं सगळं सोसूनही मला बरं वाटत होतं. माझी पोर त्यांच्या शेजारी बसणार होती आणि माणूस काळजी घेत होता.

विमानतळाच्या त्या कोपऱ्यात मिट्ट काळोख होता. लेक आत बसली, मी तिचे पट्टे आवळले. तेवढ्यात फोटो काढायला म्हणून खास आलेले माझे दीर मोबाइल सरसावत पुढे झाले.

"दादा, एक फोटो!"

फ्लॅश.

"हात पंखावर ठेव ना!"

फ्लॅश. मग टोपी तिरकी करून, मग छाती काढून. पुढे कॅप्टननी मोबाइल स्वतःच्या हातात घेतला, स्क्रीन होती नव्हती तेवढी उजळली आणि एकेक फोटो मोठा करून न्याहाळला. पोट दिसतंय म्हणून दोन पुन्हा काढवले.

"अहो, आता परत अर्धा तास थांबा," मी म्हटलं.

"कशाला?"

"डोळ्यांसाठी. तुम्हीच सांगितलंत ना!"

"ते नवशिक्यांसाठी. मला सगळं स्वच्छ दिसतंय."

"वहिनी, तुम्ही उगाच घाबरता," दीर म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. मग मिठाचा चहा आम्ही काय हौस म्हणून प्यायलो? मी विमानाचं दार उघडलं आणि लेकीचा पट्टा सोडायला लागले. तिचे डोळे भरून आले. वाढदिवसाचा सगळा आनंद मी घालवत होते आणि ते मला कळत होतं. तरी मी हात थांबवला नाही.

"बसू दे तिला तिथेच!" कॅप्टन गरजले आणि विमानाला वळसा घालून तरातरा माझ्याकडे निघाले.

मग धाडकन आवाज झाला. कॅप्टनचं कपाळ पंखावर आदळलं होतं. ज्या पंखावर हात ठेवून आत्ताच फोटो काढला होता, त्याच पांढऱ्याशुभ्र पंखावर.

ते खालीच बसले. "मध्येच आला," कपाळ धरून कळवळत म्हणाले.

लेकीने उरलेला पट्टा स्वतःच सोडला. खाली उतरली, बाबांच्या कपाळावरचं टेंगूळ हळूच चाचपलं.

"पण बाबा," ती म्हणाली, "विमान तर उभंच होतं ना?"

दिरांनी मोबाइल खिशात घातला. येताना कॅप्टन पुन्हा मागे बसले, या वेळी टॉवेल कपाळावर दाबून. लेक माझ्या शेजारी बसली आणि घरी पोचताच मी आधी सगळे दिवे लावले.