एक प्रत जास्त

"पुन्हा बंद पडलं!" नात रोपवाटिकेतून धावत आली. "आजी, पाणी थांबलं."

मामाने कपाळाला हात लावला. "आई, आता तरी ऐक. उद्या नवं यंत्र बसवतो. रोपांनी माना टाकल्यात."

"आज संध्याकाळपर्यंत वेळ दे."

रोपांना पाणी सोडणारं यंत्र आजोबांनी बनवलं होतं, त्याचा प्रोग्रामही त्यांचाच. ते दवाखान्यात गेले ते परत आलेच नाहीत, आणि तेव्हापासून यंत्र तीन-चार तास चालून गप्प बसे.

आजीने टेबलावर ताटल्या काढल्या. "प्रोग्रामच्या या भाषेत आकडे असे एकावर एक रचतात. ज्या शब्दाला लागेल त्याने वरचा उचलायचा. शेवटी टेबल रिकामं. बस, आता तूच यंत्र हो."

नात यंत्राच्या पडद्यावरचा प्रोग्राम वाचू लागली. "मोज." उन्हाच्या आकड्याची एक ताटली ठेवली. "प्रत." तशीच दुसरी. "प्रत." तिसरी. "दाखव." वरची उचलली. "तपास." पाणी सोडायचं का ते ठरवायला आणखी एक उचलली. "झालं! परत पहिल्यापासून, मोज..."

तिचा हात थांबला. टेबलावर एक ताटली उरली होती.

"आजी, दर फेरीला एक उरणार! ढीग छताला लागेल."

"मग?"

"जागाच संपेल. म्हणून रुसतंय ते! पण आजोबांनी दोनदा प्रत का काढली?"

"पूर्वी 'दाखव' नव्हतंच. ऊन किती चढलं ते मला ओट्यापाशी दिसावं, म्हणून दवाखान्यात जायच्या आदल्या दिवशी त्यांनी घातलं. एक प्रत पुरली असती." आजी हसली. "गावाला निघाले तरी दोन छत्र्या घ्यायचे."

"एक पुसू?"

आजीने पडद्यावरच्या त्या शब्दावर बोट टेकवलं. आजोबांचं शेवटचं लिहिणं होतं ते.

"पूस," ती म्हणाली. "'दाखव'ला मात्र हात लावू नकोस."

चार तास उलटून उन्हं कलली तरी पाणी चालू होतं. नव्या यंत्रासाठी भिंत मोजायला आलेला मामा थोडा वेळ रोपांपाशी उभा राहिला आणि टेप खिशात घालून निघून गेला.

ओट्यापाशी आजीने छोट्या पडद्यावरचा आकडा पाहिला.

"एकतीस झालं हो," ती जरा मोठ्याने म्हणाली, शेजारच्या, आजोबांच्या रिकाम्या खोलीत ऐकू जाईल इतपत.

नातीने उरलेली ताटली पुसली आणि जागेवर ठेवली.