‘हो ना’

वल्ह्याच्या पात्यावरून निघालेला थेंब दांड्यावरून घरंगळत आला, अंगठ्यापाशी क्षणभर थबकला आणि मनगटावरून थेट बाहीत शिरला. हा विसावा थेंब तरी असेल... आणि पुढे बसलेल्या बाईसाहेबांची बाही मात्र कोरडी ठणठणीत, कारण वल्हं मांडीवर आडवं टाकून त्या सकाळपासून नुसत्या बोलत होत्या. तोंड पाण्याकडे, पाठ मागून एकटीच वल्हवणाऱ्या हिच्याकडे. मैत्रीण दातांची डॉक्टर. आ वासून पडलेल्या माणसांशी बोलायची तीस वर्षांची सवय, उत्तराची वाट बघायची पद्धतच नाही. तरी मधूनच तिचा स्वर शेवटाला वर चढे, आणि तो चढला की हिनं म्हणायचं, “हो ना.”

कॉलेजातली तिघं. वर्षातला एक दिवस एकत्र काढायचा, हा जुना नेम. यंदाची ही कयाकची टूम तिसऱ्याची, जमीन मोजणाऱ्या मित्राची. “निवांत नदी, निवांत पक्षी,” तो फोनवर म्हणाला होता. निवांत! खांदे भरून आले होते, कमरेखाली पाणी साचलं होतं, आणि तो स्वतः एकट्याच्या हलक्या कयाकमध्ये, गळ्यात दुर्बीण अडकवून, पुढे पुढे. दोन वर्षांपूर्वी त्याला पक्ष्यांचं वेड लागलं. नव्याचे नऊ दिवस अजून संपले नव्हते.

काठच्या गवतापाशी त्यानं हात वर केला. “श्श! ऐका...”

त्या दोघांचे चेहरे एकदमच उजळले. गवतात काहीतरी गात होतं. हिनंही चेहरा उजळवला. जमतं आता — भुवया किंचित वर, ओठ विलग, मान जराशी कललेली... वर्षभराच्या रियाजानं बसवलेला चेहरा. कानांत मात्र पाण्याची गुळगुळ तेवढी, आणि जिथं ते गाणं असायला हवं होतं तिथं पुसलेल्या फळ्यासारखं काहीतरी सपाट.

व्हायोलिन शिकवते मी, तिच्या मनात आलं. सव्वीस वर्षं. गेल्या महिन्यात शिकवणीतली ती दोन वेण्यांची मुलगी वरच्या तारेवर पार टोकाला गेली, मी म्हटलं, “सुरेख!” — आणि तिनं गज खाली घेऊन माझ्याकडे असं पाहिलं... स्वर घसरला होता. तिला कळलं होतं. मला नाही. मग कान तपासायची ती काचेची खोली, कानांवर जाड गोळे, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. मी दाबत राहिले. तपासणारी बाई दार उघडून हळुवारपणे म्हणाली, “मॅडम, आवाज नसतानाही दाबताय तुम्ही.” ते हळुवारपण! त्यापेक्षा खेकसली असती तर बरं झालं असतं.

तेवढ्यात पलीकडच्या काठावरचा चिखल हलला. चिखल नव्हे — पाणमांजरं. तीन. ओली, चकचकीत, एकमेकांच्या अंगावर लोळणारी. मोजणीवाला भलतीकडेच दुर्बीण लावून बसलेला.

“अरे, तिकडे बघा!” ही म्हणाली.

पाण्यावर तीन वर्तुळं उरली.

“किती ओरडतेस गं!” तो हताश होऊन म्हणाला. “दोन वर्षं वाट बघतोय मी त्यांची.”

ओरडले मी? हिला तर आपण कुजबुजल्यासारखं वाटलं होतं. आता हेही गेलं म्हणायचं, स्वतःच्या आवाजाचं मापही... ती दातओठ खात वल्हं मारू लागली. पुढून काहीतरी आलं, हलकं, शेवटाला चढलेलं.

“हो ना,” ती म्हणाली.

दंतवैद्यीण गर्रकन वळली. कयाक डगमगली.

“मी विचारलं, माझ्यावर चिडलीयेस का? आणि तू खुशाल ‘हो ना’?”

“चिडलेच आहे!” मग तिला थांबताच येईना. “सकाळपासून मी एकटी वल्हवतेय, तू पाठ करून बोलतेस, अर्धे शब्द वाऱ्यावर जातात, आणि हा तिकडे ‘ऐका, ऐका’... काय ऐकू? मला ऐकू येत नाही ते!”

झालं. सुटलं तोंडून. मोजणीवाल्यानं दुर्बीण खाली केली, आणि काय करावं न सुचून पुन्हा वर केली.

दोन्ही कडा धरून, कयाक कलंडेल याची पर्वा न करता, मैत्रीण हळूहळू पूर्ण फिरली आणि उलटी बसली. तिचे गुडघे हिच्या गुडघ्यांवर आदळले. आता ही वल्हवणार तरी कशी? बाईला अक्कल कशी ती...

“कधीपासून?” तिनं विचारलं.

शब्द आख्खा पोचला. सर्दी आहे, परवापासून कान दडलेत — उत्तर तयार होतं, कितीदा वापरलेलं. ते जिभेपर्यंत आलं आणि तिथंच बसून राहिलं. दिवसभर उकळत असलेला राग हिनं आत चाचपून पाहिला, आधाराला, तो नव्हता. त्याच्या तळाशी होती ती नुसती भीती, मंगळवारच्या शिकवणीची, त्यापुढच्या साऱ्या मंगळवारांची... समोरची बाई उत्तरासाठी थांबली होती, आणि प्रवाह दोघींना आडवं वळवून नेत होता, आणि हिनं वल्हं उचललं नाही.