रिकाम्या खोक्याचं वजन

मोठ्या दुकानाच्या तळमजल्यावर, सरकत्या जिन्याला लागून, भेटवस्तू कागदात बांधून देण्याचं काउंटर होतं आणि त्याच्यामागे ती बारा वर्षं उभी होती. कागद कापणं, कडा दुमडणं, चिकटपट्टी लपवणं, फितीचं फूल करणं, हे सगळं ती डोळे मिटूनसुद्धा करायची. एकदा भरदुपारी दिवे गेले तेव्हा तिने तशी चार खोकी बांधलीही होती. खोकं नुसतं हातावर तोललं की आत काय आहे ते तिला कळायचं, आणि देणाऱ्याने ते किती मन लावून घेतलंय हेही कळायचं. बहुतेकांनी अजिबात मन लावलेलं नसायचं. बायकोच्या वाढदिवसाला इस्त्री नेणारे नवरे बघून बघून तिचं डोकं उठलं होतं.

म्हणून तिने ठरवलं, जग गेलं खड्ड्यात, आपली पोरं तरी नीट शिकली पाहिजेत. पोरं दोन. थोरली नऊ वर्षांची, दिवसभर तोंडाची टकळी चालू म्हणून तिला सगळे टिटवी म्हणत. मोठी मायाळू पोर. बिस्किट हातात आलं की आधी मोडून अर्धं धाकट्याला देणार, मग स्वतः खाणार. धाकटा पाच वर्षांचा. त्यांचा बाप बोटीवर कामाला, सहा-सहा महिने घरी नसे. घरात चौथे म्हणजे तिचे वडील, पोरांचे आजोबा. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, पण आता त्यांची नजर विझत चालली होती. ऑपरेशनचाही उपयोग नाही असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं.

एका रविवारी आईने दोघांना जेवणाच्या टेबलाशी बसवलं, उरलेले कागद पसरले आणि धडा सुरू केला.

"पहिलं म्हणजे, विकत आणायचं नाही. आपलं स्वतःचं असेल ते द्यायचं. दुसरं, समोरच्याला विचारायचं नाही. विचारलं की माणसं भिडेखातर काहीबाही सांगतात. आठ दिवस लक्ष ठेवायचं, त्याला मनातून काय हवंय ते शोधायचं. आणि तिसरं, दिलं की दिलं. ते परत येत नाही."

"पण ते आपल्यालाच लागत असलं तर?" टिटवीने विचारलं.

"मग तर खरी भेट," आई कात्री चालवता चालवता म्हणाली. बोलण्याच्या भरात बोलून गेली बिचारी. पुढे या एका वाक्यासाठी तिने स्वतःला किती शिव्या दिल्या त्याला गणती नाही.

पुढच्याच महिन्यात धाकट्याचा वाढदिवस आला. टिटवीने बुटांचं रिकामं खोकं घेतलं आणि आईच्या डोळ्यांदेखत ते तसंच रिकामं बांधलं. आईने हसून ते उचललं आणि तिचं हसू जागच्या जागी राहिलं. खोक्याला वजन होतं. फार नाही, उकडलेल्या अंड्याएवढं. धाकट्याने कागद फाडला, आत काहीच निघालं नाही, तो रडकुंडीला आला. पण संध्याकाळी तो शीळ घालायला लागला. ताईसारखी शीळ यावी म्हणून महिनाभर नुसती थुंकी उडवत होता तो, आणि आता अख्खं गाणं वाजवत घरभर फिरत होता. टिटवीने ओठांचा चंबू केला तर नुसती हवा निघाली. त्याचं तिला काहीच वाटलेलं दिसलं नाही. आईलाही वाटलं, शिकला असेल पोरगा, त्यात काय एवढं.

मग आजोबांचा वाढदिवस. या वेळी खोकं चांगलं जड होतं. आई काही म्हणणार तेवढ्यात आजोबांनी फीत ओढली.

दुसऱ्या दिवशी ती कामावरून आली तर आजोबा खिडकीशी बसून एक जुनं मनगटी घड्याळ उघडत होते. चष्म्याशिवाय. तांदळाच्या कणीएवढे स्क्रू ओळीने मांडून ठेवले होते. आणि टिटवी भिंत चाचपत स्वयंपाकघरातून येत होती. उंबऱ्याशी थांबून तिने पायाने अंदाज घेतला.

"दिसत नाही का गं तुला?" आईने विचारलं.

"थोडं थोडं दिसतं. आजोबांना दिसायचं तेवढं," टिटवी म्हणाली.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तीन वेळा तपासलं. डोळ्यांत काही दोष नाही म्हणाले. आजोबांना मात्र कळायचं ते कळलं. त्या म्हाताऱ्याने एक खोकं बांधलं आणि लेकीपुढे ठेवलं. "बघ गं जरा, भरलंय का? तिचं तिला परत जाऊ दे. मला नकोत हे डोळे."

आईने खोकं उचललं. ते हलकंफूल होतं, नुसता पुठ्ठा. तिने मान हलवली तसे आजोबा तोंड फिरवून रडले. ती जन्मात पहिल्यांदाच त्यांना रडताना बघत होती.

आणि आता तिचा स्वतःचा वाढदिवस आठ दिवसांवर आला होता.

तिने टिटवीला जवळ घेऊन सांगितलं, "मला काही नको हं, बाळा. खरंच काही नको."

"विचारलं की माणसं काहीबाही सांगतात," टिटवी समजूतदारपणे म्हणाली. ती आईला चिकटून बसली आणि तिने आईच्या मनगटावर बोटं ठेवली. "मला दिसत नाही ना, म्हणून हात लावून शोधते."

गेल्या वर्षभरात आपण काय काय बोललो ते आईला आठवायला लागलं. अंग मोडून आलं की ती म्हणायची, मेलं तुझ्या वयाचं व्हायला मिळालं तर किती बरं होईल. आता हे पोरीने मनावर घेतलं तर? तिने आठ दिवस काहीही हवंसं वाटू द्यायचं नाही असा चंग बांधला. पण करून बघा, म्हणजे कळेल. बस चुकली की बस हवी वाटते, पाय दुखले की खुर्ची. संध्याकाळी घरी आलं की ती बोटं मनगटावर यायची आणि आई मनातून एकच घोकत राहायची, हिचं हे देणं थांबू दे. हिने आता कुणालाही काही देऊ नये. देवा, एवढं एकच.

सातव्या दिवशी टिटवीने हात काढून घेतला. "सापडलं," ती म्हणाली.

वाढदिवसाला टेबलावर केक होता, चार ताटल्या होत्या आणि एक खोकं. टिटवीने ते चाचपून बांधलं होतं, तरी कडा सरळ होत्या. आईला ते दोन हातांनी उचलावं लागलं. इतकं जड खोकं तिने बारा वर्षांत उचललं नव्हतं.

"काय आहे यात?"

"तुला हवं होतं ते. मला देता येतं ना, ते," टिटवी म्हणाली.

पोर कान देऊन वाट बघत होती, न उघडून चालणार नव्हतं. तिने फीत सोडली. आत काही नव्हतं, पण हातांना काहीतरी समजलं. आता आपल्यालाही देता येतं, हे तिला आपोआप समजलं, आणि तिला इतका आनंद झाला की दुसरा कसलाही विचार तिच्या डोक्यात आला नाही. तिने तेच खोकं पुन्हा बांधलं आणि टिटवीच्या हातात ठेवलं. आजोबा "अगं, थांब" म्हणेपर्यंत कागद फाटला होता.

आईच्या नजरेतून आधी खिडकी गेली, मग केक, मग टिटवीचं तोंड.

"दिसतंय," टिटवी म्हणाली.

आईला रडू फुटलं. सुखाचंच रडू होतं ते. आजोबांनी तिचा हात धरून तिला खुर्चीवर बसवलं. केक कापल्याचा आवाज आला, ताटली सरकल्याचा आला, मग कुणीतरी खात असल्याचा.

"ताई, मला?" धाकट्याने विचारलं.

खाणं चालूच राहिलं.

"ताई, मला दे ना थोडा."

"माझा आहे," टिटवी म्हणाली. त्यात राग नव्हता की चेष्टा नव्हती. जे आहे ते तिने सांगितलं.

आईचं रडणं थांबलं. "बाळा, त्याला अर्धा दे. तू नेहमी देतेस ना?"

"कसा देतात?" टिटवीने विचारलं. तिला खरंच माहीत नव्हतं.

मग आईने टेबल चाचपून खोकं शोधलं, फाटलेला कागद सरळ केला आणि डोळे गेलेल्या अवस्थेतही ते व्यवस्थित बांधलं, कडा दुमडून, चिकटपट्टी लपवून. बांधताना ती मनातून सारखी म्हणत होती, तुझं तू घे, तुझं तू परत घे. फितीचं फूल केलं. खोकं हातावर तोललं. आत काहीच नव्हतं. तरी ते तिने पुढे केलं आणि पलीकडे टिटवी केक खात राहिली.