शनिवारच्या पत्राची दुरुस्ती

ते एकोणीसशे सदुसष्ट साल होते. तेव्हा मी काळी कुळकुळीत होते आणि माझ्या हँडलला एवढीशीही कुरकुर नव्हती. मित्रांनो, आज मी एक जुनी सायक्लोस्टाइल मशीन आहे. तुम्ही माझ्यासारखी मशीन पाहिली नसेल, म्हणून आधी माझे काम सांगते. टाइपरायटरची रिबीन बाजूला करून मेणकागदावर टाइप केले की त्या कागदाला अक्षरांच्या आकाराची बारीक छिद्रे पडतात. तो कागद माझ्या पिंपासारख्या पोटावर चढवायचा, आत शाई भरायची आणि हँडल फिरवायचे. एका फेरीला एक प्रत. हँडल मात्र पुढेच फिरते. एकदा बाहेर गेलेला कागद परत पोटात घेणे मला जमत नाही. त्या वर्षी याच गोष्टीने मला फार बेचैन केले.

मला आणले ते आमदार ताईंनी. त्या आधी शाळेत शिकवायच्या. निवडून आल्यावर त्यांनी लोकांना शब्द दिला होता, की दर शनिवारी तुमच्या घरी माझे पत्र येईल. विधानसभेत कोणता कायदा आला, त्याने तुमच्या घरात काय फरक पडेल, आणि मी कोणत्या बाजूने मत दिले, हे सगळे त्यात असायचे. शेवटी मतदार यादीत नाव कसे घालायचे, मतपत्रिकेवर शिक्का कुठे मारायचा, हेही असायचे. आमच्या गावातली बाराशे घरे, बाराशे प्रती.

कचेरी म्हणजे ताईंच्या घराची पुढची खोली. कोपऱ्यात मी, खिडकीशी टायपिस्टबाईंचे टेबल आणि दाराजवळच्या बाकावर ताईंचे वडील. टायपिस्टबाई बोलायला फटकळ, पण कामाला वाघ. वडील निवृत्त पोस्टमन, सगळे त्यांना काका म्हणत. तीस वर्षे टपाल वाटले तरी त्यांचे पाय घरात ठरत नव्हते. पत्रे तेच वाटायचे. "टपाल घरात मुक्कामाला ठेवायचं नाही," हा त्यांचा नियम. शाई पुरती वाळायच्या आत त्यांची पिशवी खांद्यावर असायची.

त्या वर्षी भाडेकरूंचा कायदा आला. पडायला आलेले घर दुरुस्त करायचे असेल तर मालकाला खोल्या रिकाम्या करून घेता येतील, असा तो कायदा. आमच्याकडे दर दुसरे घर भाडेकरूचे. ताईंनी सभेत सांगून टाकले होते, मी याच्या विरोधात मत देणार.

बुधवारी त्या अधिवेशनाला निघाल्या. मतदान शुक्रवारी होते आणि जायला एक अख्खा दिवस लागायचा. निघता निघता त्यांनी पत्र सांगितले. "लिहा, मी या कायद्याच्या विरोधात मत दिले."

टायपिस्टबाईंचे हात थांबले. "ताई, अजून दिलं कुठंय?"

"माझं ठरलंय हो. आता काय बदलणार? शनिवार चुकायला नको."

बाईंनी मेणकागद केला. शुक्रवारी सकाळी मी बाराशे प्रती काढल्या. शनिवार उजाडायच्या आत पत्र घरोघर हवे, म्हणून नऊ वाजताच काका पिशवी घेऊन बाहेर पडले.

संध्याकाळी पावणेसहाला फोन वाजला. पलीकडून ताई इतक्या मोठ्याने बोलत होत्या की मला कोपऱ्यात ऐकू येत होते. "पत्रं थांबवा! शेवटच्या क्षणी नवं कलम घातलं. घर दुरुस्त झालं की त्याच भाडेकरूला, त्याच भाड्यात खोली परत द्यायची. नाही दिली तर मालकाला शिक्षा. मी बाजूनं मत दिलं!"

टायपिस्टबाईंनी रिकाम्या बाकाकडे पाहिले. "ताई, काका कधीच गेले. आता शेवटची गल्ली चालली असेल."

शनिवारी लोक कचेरीत येऊन जात होते. मागच्या गल्लीतला शिंपी तर दारातूनच म्हणाला, "ताईंना सांगा, आमच्यासाठी उभ्या राहिल्या. आमची घरातली सगळी मतं त्यांचीच." टायपिस्टबाई नुसते "हो, हो" म्हणाल्या. माझ्या ट्रेमध्ये एक जास्तीची प्रत राहिली होती. ती माझ्याकडे बघते आहे असे मला वाटत होते.

रविवारी ताई आल्या. चप्पलही न काढता त्या खिडकीपासून माझ्यापर्यंत आणि माझ्यापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालू लागल्या.

"पेपरात फक्त कायदा मंजूर झाला एवढंच आलंय," टायपिस्टबाई म्हणाल्या. "कोणी कुठं मत दिलं ते नाही. निवडणूक तीन आठवड्यांवर आलीय. गप्प राहिलं तर काय बिघडतं? कलम चांगलंच आहे ना?"

"चांगलं आहे म्हणून तर दिलं मत. पण मी लिहिलंय उलटं."

ताईंनी माझे हँडल अर्धवट फिरवले आणि तसेच सोडले. "बाबा, तुम्ही तरी बोला काहीतरी."

काका चष्मा पुसत होते. "मला तुझं राजकारण कळत नाही. भलत्याच्या दारात पत्र पडलं तर मी परत जाऊन उचलून आणायचो. एकदा कुत्रा चावला, तरी आणलं."

"इथे बाराशे आहेत, बाबा."

"मग बाराशे दारं. पण या वेळी लवकर छापा, ऊन चढलं की माझे गुडघे बोलायला लागतात."

ताईंना हसू आले आणि डोळ्यांत पाणीही. त्या तशाच टायपिस्टबाईंच्या शेजारी बसल्या. पत्र छोटेच होते. "शनिवारच्या पत्रात मी मतदान होण्याआधीच मत दिल्याचे लिहिले. ही माझी चूक. मी कायद्याच्या बाजूने मत दिले आहे. शेवटी घातलेले नवे कलम अकरा सोबत जसेच्या तसे दिले आहे, ते नीट वाचा आणि जपून ठेवा. खोली परत मिळणे हा तुमचा हक्क आहे. माझे वागणे पटले नसेल तर मला मत देऊ नका, पण मतदानाला नक्की या. केंद्रांची यादी खाली दिली आहे."

माझी शाई घट्ट झाली होती. पहिल्या चाळीस प्रती फाटक्या गोणपाटासारख्या निघाल्या. टायपिस्टबाईंनी मला दोन शिव्या हासडल्या, पोट पुसले, आणि मग मी जी धावले ती शेवटच्या प्रतीपर्यंत.

मंगळवारी शिंपी आला. त्याने पत्र टेबलावर आपटले. "शनिवारी विरोधात, मंगळवारी बाजूनं! ताई, कापड बेतायच्या आधीच शिवलं म्हणून सांगता होय? उद्या मालक आम्हाला बाहेर काढेल, तेव्हा हा कागद पांघरू का?"

"चूक माझी आहे," ताई म्हणाल्या. "पण तो कागद टाकू नका."

"मत मात्र विसरा," म्हणून तो गेला. जाताना कागद उचलून घेतला, एवढे मी पाहिले.

ताई एकशे नव्वद मतांनी पडल्या.

आता कोणाचे काय झाले ते सांगते. टायपिस्टबाईंना न्यायालयात नोकरी लागली. तिथेही, घडायच्या आधी काही टाइप करायला सांगितले की त्या हात बांधून बसत, असे ऐकले. काका आणखी सहा वर्षे चालले, मग त्यांचे गुडघे थांबले आणि एका हिवाळ्यात तेही. ताई पुन्हा एकदा उभ्या राहिल्या, पुन्हा पडल्या आणि शाळेत परत गेल्या. पत्र मात्र त्यांनी सोडले नाही. महिन्यातून एक, शंभरच प्रती, खाली सही 'माजी आमदार'. पुढे त्यांचे हात थरथरू लागले आणि मला पलंगाखाली सरकवले गेले. त्यानंतर किती वर्षे माझ्यावर धूळ साचली, मला मोजता आली नाहीत.

एका दुपारी कोणीतरी मला बाहेर ओढले. तो शिंपी होता, आता पार पांढरा झालेला. त्याच्या खिशात आठ घड्यांचे ते दुसरे पत्र होते. "दुरुस्तीनंतर मालक खोली द्यायला तयार नव्हता, ताई. कलम अकरा त्याच्यासमोर वाचलं. खोली मिळाली. याला तीस वर्षं झाली, पण तुमच्यासमोर यायला तोंड नव्हतं."

ताई पलंगावर उठून बसल्या. "मग आज कसं आलं?"

"मशीन गंजतेय असं कळलं." त्याने शिलाई मशीनच्या तेलाची कुपी काढली आणि माझ्या सांध्यात एकेक थेंब सोडला. हँडल करकरले, अडले आणि मग फिरले.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखे जुने काही पडले असेल तर त्याला थेंबभर तेल घाला. आणि तुमच्या हातून चुकीचा कागद बाहेर गेला असेल, तर उशीर झाला म्हणून बसून राहू नका. दुसरा कागद काढा. तो पोहोचवायला सगळी दारे पुन्हा गाठावी लागतात, पण ती गाठता येतात.