दोन कॉलेजांना मिळून एक पेशंट

मित्रांनो, मी एक फार जुनी पेशंट आहे. इतकी जुनी, की माझ्या आजाराचं नाव कोणाला आठवत नाही, आणि मरणही माझी वाट विसरून गेलं आहे. माझं अंग रबराचं, डोळे काचेचे. नर्सिंग शिकणाऱ्या पोरी पलंगावरच्या ज्या बाहुलीवर सुई टोचायला, पट्टी बांधायला शिकतात, ती मी. कॉलेजवाले मला डमी म्हणतात. म्हणू द्या. ज्यांना आपल्या विद्यार्थिनींची नावं ठाऊक नाहीत, त्यांनी रबराला नाव द्यावं अशी आशा मी कशाला करू?

माझा जन्म अंबाल्याच्या एका कारखान्यात झाला. साच्यातून निघाले, तेव्हा अंगाला ताज्या रबराचा वास होता आणि डोक्यावर एकही केस नव्हता. लाकडी खोक्यात, भुशाच्या गादीवर निजून मी रेल्वेनं गोंदियाला आले. खोकं उघडलं आणि पहिला श्वास मिळाला तो नव्या धानाचा. तेव्हा वाटलं, बरं गाव मिळालं.

मिळालंही होतं. मी सरकारी दवाखान्याच्या शाळेत उतरले होते. तिथं मंजू सिस्टर शिकवायच्या. आवाज कुऱ्हाडीसारखा, हात शेवरीच्या कापसासारखे. नवी पोर सुई घेऊन माझ्याकडे आली की त्या म्हणायच्या, "आधी हात धर. मंग सुई."

"सिस्टर, हे त रबराची आहे."

"आज रबराची आहे. उद्या तुही मावशी राहील. धर हात."

मग ती पोर लाजत माझा हात धरायची. नाडी कुठली लागणार? पण तिची नाडी मला लागायची. भीतीनं उडणारी, पाखरासारखी. अशा कितीतरी पोरी माझ्या दंडावर शिकल्या आणि उडाल्या. कोणी नवेगाव बांधला गेली, कोणी देवरीच्या रानात. कुठं एखादं बाळ पहिलं रडत असेल, तर त्याला झेलणाऱ्या हातात माझ्या रबराचा थोडा वाटा आहे, असं मी मनाशी गात असे. माझा डावा दंड टोचून टोचून चाळणी झाला. त्या भोकांचा मला दागिन्यांसारखा अभिमान होता.

मग माझा एक गुडघा निखळला. माझ्या जागी नवी डमी आली, छातीत दिवे लागणारी. मला जिन्याखाली ठेवलं, आणि एके दिवशी मोडक्या खाटांसोबत माझा लिलाव झाला. मला घेतलं योगराजनं.

मित्रांनो, योगराज राईस मिलवाला आहे. धानाचा तांदूळ करता करता त्याला वाटलं, पोरींच्या नर्सही अशाच होत असतील. एकीकडून ओता, दुसरीकडून पोत्यात भरा. त्यानं दोन कॉलेजं काढली. एक तिरोड्याला, बापाच्या नावानं. एक गोंदियाला, मेव्हण्याच्या नावानं. तिथली पाटी निळी, इथली पाटी भगवी. तिथलं माहितीपत्रक वेगळं, इथलं वेगळं. दोन्हींवर गोऱ्या गोऱ्या नर्स हसतात आणि त्यांच्या मागं बर्फाचे डोंगर दिसतात. गोंदियात बर्फ मी फक्त उसाच्या रसाच्या गाडीवर पाहिला आहे.

आणि या दोन कॉलेजांना मिळून पेशंट एकच. मी.

ज्या कॉलेजात पाहुणे येणार असतील, तिथं मला नेतात. छोटा हत्ती म्हणतात त्या टेम्पोच्या मागच्या हौद्यात, तांदळाच्या पोत्यांवर, पाय धरून फेकतात. तिरोड्याला मला आखूड केसांचा टोप घालतात, गोंदियाला लांब वेणीचा. वेणी बदलली की बाई बदलते, असा योगराजचा समज आहे. आमच्याकडे दंडारीच्या नाटकात सोंग घेणारे तरी प्रामाणिक असतात. पाहणाऱ्याला माहीत असतं की राणीच्या लुगड्यात शेजारचा गडी आहे.

इथल्या पोरी काय शिकतात, असं विचाराल तर सांगते. त्या फोटोत उभं राहायला शिकतात. पांढरा कोट घालायचा, माझ्या पलंगाभोवती जमायचं, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवायचा. ज्यानं फोटो काढला त्यानं कोट परत घ्यायचा. इतक्या वर्षांत इथं कोणी माझा हात धरला नाही. सुईसुद्धा नाही. मला सुया टोचल्या नाहीत याचं दुःख होईल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

यंदा रोवणी उरकली होती, पोळा तोंडावर होता, तेव्हा तिरोड्याला दोघी मायलेकी आल्या. सालेकसाच्या रानाकडच्या. माय मंगली, हिरव्या काठाचं लुगडं नेसलेली. लेक रीना, बारावी झालेली, पायात नवी चप्पल, चालताना त्या चपलेकडंच पाहणारी. त्यांना घेऊन आला होता त्यांच्याच गावचा दुर्गेश. प्रवेश मिळवून देतो म्हणून हा गावोगाव हिंडतो. रानातलं पान तोडायचं सोडून तो आता गावातल्या पोरी तोडतो, आणि पोचवतो योगराजच्या दारी.

"पाहा काकू," दुर्गेश म्हणाला, "अशी लॅब आख्ख्या जिल्ह्यात नाही."

मंगली लॅब पाहत नव्हती. ती माझा डावा दंड पाहत होती. "बाईचा हात त पार चाळणी झाला," ती म्हणाली.

"माय, थे रबराची आहे," रीना हसली.

"मले दिसते. रबराची असो, पडून त आहे न."

त्यांच्याकडे आजाऱ्याला नजर लागू नये म्हणून मनगटाला चिंधी बांधतात. मंगलीनं आपल्या लुगड्याच्या काठाला दात लावला, हिरवी पट्टी टरकन फाडली आणि माझ्या डाव्या मनगटाला बांधली. गाठ बांधली ती बिडीच्या तेंदूपानांच्या पुडक्याला बांधतात तशी, वरून आत आणि आतून उलटी. उन्हाळाभर पानं बांधणाऱ्या बायांची बोटं दुसरी गाठ जाणतच नाहीत, पण जी ती आपल्या हाताची मोड त्यात घालते, म्हणजे फडीवर, पानं मोजतात तिथं, आपलं पुडकं ओळखू येतं. बांधता बांधता ती पुटपुटत होती:

धागा गं बांधला, गाठ घेतली नेट,
पुडकं गेलं फडीवर, गाठीनं होते भेट.

मग तिनं माझी बाही खाली ओढून चिंधी झाकली. माझ्या काचेच्या डोळ्यांना पाणी यायची सोय नाही, म्हणून बरं.

दुर्गेशला घाई होती. "रीना, असल कागद देऊन टाक. मार्कशीट, टीसी. सीट पक्की."

"उद्या गोंदियाचं कॉलेज पाहतो," रीना म्हणाली. "आणि सरकारी शाळेची यादी लागाची आहे अजून. तिथंही अर्ज टाकला."

"सरकारी यादीची वाट पाहून पाहून किती पोरी म्हाताऱ्या झाल्या. तू काऊन थांबून राहिली?"

"तुमची बस सुटून राहिली का, दुर्गेशभाऊ?"

पोर तिखट होती. पण मला तिची भीती वाटत होती. कारण, मित्रांनो, या घराची एक रीत आहे. असल कागद एकदा योगराजच्या कपाटात गेले की बाहेर येत नाहीत. उद्या सरकारी यादीत नाव लागलं, तरी हातात कागद नसतील तर ती जागा दुसरीला जाते. मी हे कित्येक वेळा पाहिलं आहे. कपाटापुढं उभ्या राहून रडलेल्या पोरी पाहिल्या आहेत. मला तोंड आहे, पण ते फक्त थर्मामीटर ठेवायला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला पायाला धरून छोट्या हत्तीत टाकलं. गोंदियाला उतरवलं, वेणी चढवली, चादर बदलली. दोन माणसांनी उचललं, एका बाईनं सजवलं. माझ्या बाहीखाली काय आहे, हे तिघांपैकी कोणालाच कळलं नाही.

दुपारी मायलेकी आल्या. मागं दुर्गेश. योगराज स्वतः हजर होता, कपाळाला टिळा, बोटांत खडे.

"आओ बेटी, आओ. टेन्शन नको घेऊ. हमारे यहां सब अपना है."

"काल तिरोड्याले पाहून आलो," मंगली म्हणाली.

योगराजनं तोंड वाकडं केलं. "वो तिरोडावाला? नाम मत लो बाई. वहां तो डमी भी किराये की है. ही पाहा आमची. परदेस से मंगवाई है."

मंगलीनं मान तिरकी करून मला पाहिलं. "कालच्या बाईपेक्षा लांब केसाची आहे," ती म्हणाली. मंगलीलाही वेणीनं फसवलं. मला वाईट वाटलं, पण राग आला नाही. चेहरा तरी माझा कोणत्या बाईसारखा आहे?

दुर्गेशनं रीनाच्या हातातल्या पिशवीकडं बोट केलं. "आता देऊन टाक. दोन्ही पाहून झाले. यापेक्षा चांगलं भेटणार नाही."

रीनानं मायकडं पाहिलं. मंगलीनं हो म्हणून मान हलवली. तिला आता घरी जायची घाई होती, सालेकसाची गाडी गाठायची होती. रीनानं पिशवीचं तोंड सोडलं. मार्कशीट अर्धी बाहेर आली. योगराजनं हात पुढं केला.

आणि मग त्या पोरीनं, कोणी शिकवलं नसताना, विचारलं, "नर्स होणार त आधी पेशंटचा हात पाहतो थोडा. पाहू का?"

"हात में क्या है?" योगराज हसला. "फोटो निकालो, फोटो."

ती माझ्या पलंगावर बसली. डावा हात उचलला. नाडी शोधायला तिची बोटं बाहीत शिरली आणि थांबली. किती वर्षांनी माझा हात कोणीतरी धरला होता. तिच्या बोटातली नाडी मला लागली, पाखरासारखी.

"माय," ती हळूच म्हणाली, "काल तू चिंधी कोणत्या हाताले बांधली होती?"

"डाव्या. कायले?"

"इकडं ये."

मंगलीनं बाही वर सारली. हिरवी चिंधी. तिनं गाठीवरून अंगठा फिरवला. डोळे मिटूनच फिरवला. "हे माही गाठ होय," ती म्हणाली.

दुर्गेश पुढं झाला. "काकू, अशी गाठ कोणीही बांधते."

"तू बांधून दाखव."

त्यानं चिंधीकडं पाहिलं, मग आपल्या हातांकडं. रान सोडून त्याला बरेच उन्हाळे झाले होते.

"अरे, कंपनीवाले धागा बांध के ही भेजते हैं," योगराज म्हणाला.

मंगलीनं आपल्या लुगड्याचा फाटलेला काठ त्याच्या पुढ्यात धरला. "मंग तुमच्या कंपनीनं माह्या लुगड्याले काऊन हात घातला?"

रीनानं मार्कशीट पिशवीत घातली आणि पिशवीचं तोंड आवळलं. "साहेब," ती म्हणाली, "तिरोड्याची डमी किरायाची आहे म्हणले तुमी. किराया कोणाले जाते?"

"सीट जाएगी, बेटी. सोच लो."

"जाऊ द्या."

निघताना मंगलीनं माझी बाही नीट केली. "येतो बाई," ती मला म्हणाली. योगराजला काहीच म्हणाली नाही.

त्या गेल्यावर योगराज ओरडला, "काटो वो चिंधी." पण मित्रांनो, त्या नर्सिंगच्या कॉलेजात कात्री सापडली नाही. दोन मजले शोधले. दातानं तोडायला कोणी तयार होईना, आणि ती गाठ नखांनी सुटणारी नव्हती. राहिली.

पोळा झाल्यावर दुर्गेश माझ्या पायाशी येऊन बसला. चेहरा आंबट. "त्या रीनाचं सरकारी यादीत नाव लागलं," तो योगराजला सांगत होता. "कागद घेऊन सकाळीच जाऊन उभी राहिली. आता गावच्या पोट्ट्या माह्याशी नीट बोलत नाही." मी वर छताकडं पाहत होते. मला दुसरीकडं पाहताही येत नाही. पण त्या दिवशी छत फार सुंदर दिसलं.

चिंधीची गोष्ट गावोगाव पोचली असावी, कारण त्यानंतर एक गंमत सुरू झाली. तिरोड्याला येणारी एखादी पोर माझ्यापाशी रेंगाळते. माझी बाही सारते, चिंधी बांधते, पिवळी, लाल, जी असेल ती. दुसऱ्या दिवशी तीच गोंदियाला येते, माझा हात धरते, हसते आणि कागद न देता निघून जाते. एकदा योगराजनं एकीला पकडून विचारलं, ये क्या है. तिनं खाली मान घालून सांगितलं, "मन्नत आहे साहेब."

योगराज खूश झाला. त्याला वाटतं, मी लोकांना पावते. आता मला छोट्या हत्तीत पुढच्या सीटवर बसवतात. माझ्या उशाशी उदबत्ती लागते. नव्या माहितीपत्रकात बर्फाच्या डोंगरांच्या जागी माझं चिंध्यांनी भरलेलं मनगट छापणार आहेत म्हणे. माझ्या हातावर चिंध्या वाढत आहेत आणि त्याच्या वर्गात पोरी कमी होत आहेत. दोन्हींचा संबंध त्याला अजून लागलेला नाही. तो लागायला हात धरावा लागतो.

तर मित्रांनो, तुमच्यापैकी कोणाला, किंवा तुमच्या बहिणीला नर्स व्हायचं असेल, तर शाळा निवडताना पाटीचा रंग पाहू नका, आणि जो कागद आधी मागतो त्याला तो देऊ नका. तिथं माझ्यासारखी एखादी पडून असेल. तिच्यापाशी बसा, तिचा हात हातात घ्या. दंडावर ताजी भोकं असतील तर समजा, इथं शिकवतात. बोटाला नुसती धूळ लागली, तर उठा.

आणि उठण्याआधी, जमलं तर, एक चिंधी बांधून जा. कात्री इथं अजून आलेली नाही.